उस्तादांचा चॅनल

दूध उतू जायच्या बेतात होतं, धाकटीची एक चप्पल सापडत नव्हती आणि आमचे हे आरशासमोर उभे राहून "माझा निळा शर्ट कोणी पाहिला का?" असं भिंतींना विचारत होते. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार वाजवणारा माणूस एक तर फार घाईत असतो, नाही तर सरकारी असतो. मी गॅस बंद करून दार उघडलं. बाहेर दोघं जण. एकाच्या गळ्यात ओळखपत्र, दुसऱ्याच्या हातात माशाच्या काट्यासारखी दिसणारी ॲन्टेना.

"तुमच्याकडे वायरलेस सेट आहे?" ओळखपत्रवाल्याने विचारलं.

"आमच्याकडे धड चालणारा मिक्सरसुद्धा नाही," ह्यांनी आतून सांगितलं.

दोघांपैकी कोणी हसलं नाही. ॲन्टेनावाल्याने तो काटा आमच्या स्वयंपाकघराकडे धरला, मग हळूहळू खाली फरशीकडे वळवला. "साहेब, खालून येतंय."

खाली कोण राहतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मी म्हटलं, "तळमजल्यावर ओव्हरकाकांचं दुकान आहे ना. वॉकीटॉकी दुरुस्त करतात. अडतीस वर्षं झाली." हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं. काही काम घेऊन आले असतील, काकांना सकाळी सकाळी गिऱ्हाईक मिळेल, असंच मनात होतं.

त्यांचं खरं नाव इमारतीतल्या निम्म्या लोकांना माहीत नसेल. फोनवर बोलतानासुद्धा वाक्य संपलं की ते सेटवरच्या सवयीने "ओव्हर" म्हणायचे, म्हणून पोरांनी नाव पाडलं ते पाडलंच. काकू चिडायच्या. "लग्न ठरवायला आले तेव्हा माझ्या वडिलांना म्हणाले, मुलगी पसंत आहे, ओव्हर. वडिलांना वाटलं, बोलणंच मोडलं." काका मात्र त्या नावावर खूश. सेटवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, दुसऱ्याचं संपल्याशिवाय बटण दाबायचं नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. इमारतीच्या बैठकीत पाण्यावरून रणधुमाळी माजली की सगळे त्यांच्याकडे बघायचे. ते हात वर करून म्हणायचे, "दोघं एकदम बोललात तर दोघांचंही वाया जाईल. आधी तुम्ही." आणि चक्क लोक ऐकायचे.

एकोणिसाव्या वर्षी ते उस्तादांकडे कामाला लागले. उस्ताद म्हणजे या गावात वायरलेस दुरुस्ती आणणारा पहिला माणूस. त्यांच्या हाताखाली पाच जण तयार झाले आणि पुढे पाचांनीही गावात वेगवेगळी दुकानं टाकली. पहारेकऱ्यांचे सेट, मोठ्या बांधकामांवरचे क्रेनवाल्यांचे सेट, शाळांच्या बसचे सेट, सगळे या पाचांच्या हातून जायचे. काकांचं दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. एक लांब टेबल, त्यावर सोल्डरिंगची कायम गरम सुई, भिंतीवर उघडे पडलेले सेट आणि बरोबर मधोमध काचेच्या चौकटीत एक पिवळा पडलेला कागद. तो कागद म्हणजे उस्तादांना मिळालेला, दुरुस्त सेट तपासून बघायच्या चॅनलचा परवाना.

धाकटीला शाळेच्या गाडीत बसवून मी परतले तेव्हा दुकानासमोर माणसं थबकून बघत होती. काकूंनी माझं मनगट धरून मला आत ओढलं. "तू कॉलेजात शिकलेली आहेस. हे काय म्हणताहेत ते नीट ऐकून घे. मला नुसते शब्द ऐकू येताहेत."

साहेब त्या चौकटीसमोर उभे होते. वयाने काकांपेक्षा वीस वर्षांनी तरी लहान, आवाज चढवलेला नव्हता.

"हा परवाना कोणाच्या नावाने आहे?"

"उस्तादांच्या."

"ते कुठे असतात?"

"वारले. अकरा वर्षं झाली."

"मग परवानाही तेव्हाच संपला. हे घर नाही की जमीन नाही, वारशाने यायला."

काका त्या कागदाकडे असे बघायला लागले, की जणू त्यावरचं आज पहिल्यांदाच वाचताहेत. मला वाटतं, तसंच होतं. देवासारखी लावलेली वस्तू माणूस रोज बघतो, वाचत नाही.

साहेबांनी मग शांतपणे सांगितलं. मला समजलं ते असं. हवेतली जागासुद्धा आमच्या इमारतीच्या वाहनतळासारखी आखलेली असते. काही पट्टे मोकळे. तिथे ठरलेल्या कमी ताकदीचा सेट कुणीही वापरावा. बाकीच्या पट्ट्यांत ज्याला जी जागा लिहून दिली, त्यानेच तिथे बोलायचं. आपली मुदत संपली की जागा दुसऱ्याला जाते. उस्तादांची जागा बरीच वर्षं रिकामी पडली होती. सव्वा वर्षापूर्वी ती दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. यादी वायरलेस खात्याच्या वेबसाइटवर लागली होती, दुकानदारांना ई-मेलही गेला होता. काकांचं ई-मेल खातं भाच्याने उघडून दिलं होतं आणि त्याचा पासवर्ड भाच्यालाच आठवत नव्हता.

"पण साहेब, तो चॅनल रिकामाच आहे," काका म्हणाले. "मी रोज असतो तिथे. एक शब्द ऐकला नाही परक्या कोणाचा."

"तुमच्या सेटला सूर लावलाय का?"

"लावलाय ना. उस्तादांनीच लावला होता."

हा सूर म्हणजे बोलण्याबरोबर जाणारी एक बारीक घरघर, माणसाच्या कानाला न कळणारी. ती ज्या बोलण्यात असेल तेवढंच आपला सेट ऐकवतो, बाकी सगळ्यांना गप्प करतो. लोकांच्या गप्पांचा त्रास नको म्हणून लावतात. पण आपल्याला ऐकू येत नाही म्हणून ते लोक तिथून जात नाहीत.

"म्हणजे तुम्ही कानात बोळे घालून चौकात ओरडत होता," साहेब म्हणाले. "बोलण्याआधी बाजूचं बटण दाबून चॅनल उघडा करून ऐकायचा, हे तुम्ही गिऱ्हाइकांना शिकवत असाल की?"

"शिकवतो. प्रत्येकाला शिकवतो."

"मग?"

काकांनी चौकटीवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाले, "तो आमचा चॅनल होता, साहेब. आपल्याच घरात शिरताना कोणी दार वाजवतं का?"

ॲन्टेनावाला सेट पेटीत भरत होता. एकेकावर चिठ्ठी चिकटवत होता. काकू म्हणाल्या, "न्या, सगळं न्या. दंड असेल तो भरू. चूक झाली म्हणावं. कोणाचा चॅनल होता तो? त्यांच्या पाया पडायला जातो आम्ही."

साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. ते सांगावं की नाही, असं त्यांना झालं असावं.

"ॲम्ब्युलन्सचा," ते म्हणाले.

मग बाकीचं आलं. गेल्या महिन्यात एका दुपारी एक गाडी शाळेच्या शिपायाला घेऊन येत होती. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, जिना चढताना कोसळलेला. हॉस्पिटलचा पुढचा रस्ता त्याच दिवशी खणून ठेवलेला. ड्रायव्हरने सेटवर विचारलं, कुठून येऊ? उत्तर नाही. तीनदा विचारलं. फोन लावला तर तो लागेना, आणि मागची नर्स दोन्ही हातांनी त्या माणसाची छाती दाबत होती. शेवटी ड्रायव्हरने अंदाजाने वळसा घातला. अकरा मिनिटं गेली. माणूस गेला.

"तो नाही तरी गेला असता, असं डॉक्टरांनी लिहिलंय," साहेब घाईने म्हणाले. "नक्की कोणी सांगू शकत नाही. पण हॉस्पिटलच्या यंत्रात त्या चॅनलवरचं सगळं रेकॉर्ड होतं, सूर असो वा नसो. ड्रायव्हर विचारतोय त्याच वेळी त्याच्यावर कोणाचा तरी आवाज बसलाय. जवळून, जोरात. कोणीतरी आकडे मोजतंय. एक ते दहा, आणि परत दहा ते एक."

काकूंनी मान वर करून छताकडे, गच्चीच्या दिशेने बघितलं.

सेट दुरुस्त झाला की काका टेबलापाशी बसून आकडे मोजायचे, एक ते दहा आणि परत. काकू दुसरा सेट घेऊन गच्चीवर जायच्या. त्यांना सेटवर बोलायची लाज वाटायची, म्हणून नीट ऐकू आलं की कठड्यावरून हात हलवायच्या. काका खिडकीतून वाकून बघायचे. वर्षानुवर्षं आम्ही ते बघत होतो, हसत होतो. "झालं का तुमचं प्रेमप्रकरण?" असं मी कितीदा तरी वरून विचारलं असेल.

"माझा आवाज आहे तो?" काकांनी विचारलं.

"मी ऐकलेलं नाही. माझ्याकडे फक्त लेखी आलंय. रेकॉर्डिंग सीलबंद आहे, चौकशी समितीकडे." साहेबांनी नोटीस टेबलावर ठेवली. "पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्या."

ते गेल्यावर टेबलावर सोल्डरिंगची सुई तशीच तापत राहिली होती. ती मी बंद केली.

त्या दिवसापासून काकांनी दुकान उघडलं नाही. उघडून करायचं तरी काय होतं? पण ते आत जाऊन बसायचे. त्यांची एक वही होती. कोणता सेट, काय बिघाड, कधी तपासला, सगळं सुवाच्य अक्षरात. त्या तारखेचं पान त्यांनी मला दाखवलं. लिहिलं होतं, "बांधकामावरचा सेट, बटण बदललं. दुपारी तपासला. ठीक."

"दुपारी," काका म्हणाले. "बाराला दुपार, चारलाही दुपार. आयुष्यभर मी नुसतं दुपारी लिहीत आलो."

नोटिशीत लिहिल्याप्रमाणे गाडी आली होती चारला दहा मिनिटं कमी असताना. काका काकूंना विचारायचे, "त्या दिवशी तू कपडे काढायला कधी गेली होतीस?" कारण काकू कपडे काढायला वर गेल्या की त्याच खेपेत सेटही घेऊन जायच्या, गुडघे दुखतात, दोन-दोन चकरा कोण मारणार?

"वाळले तेव्हा गेले," काकू म्हणायच्या.

"कधी वाळले?"

"मी काय कपड्यांची हजेरी घेते?"

असं दिवसातून चार वेळा. एकदा काकू संतापून म्हणाल्या, "मलाच फासावर द्या. मीच उभी होते वर." त्या घरातलं भांडण मी पूर्वीही ऐकलं होतं, पण ते गाण्यासारखं असायचं, एकाचं संपलं की दुसऱ्याचं. आता दोघंही एकदम बोलायचे, किंवा कोणीच नाही.

उस्तादांचे बाकीचे चौघे होतेच. पाचांनाही उस्तादांनी तोच चॅनल दिलेला, तेच मोजणं शिकवलेलं. पाचांपैकी तिघांची दुकानं हॉस्पिटलच्या आसपास, काकांचं धरून. चौघांतला सगळ्यात मोठा, ज्याला सगळे थोरला म्हणतात, तो चौथ्या दिवशी भेटायला आला. मी चहा घेऊन खाली गेले होते.

"हे बघ," थोरला म्हणाला, "एका पिंजऱ्यातले पाच पोपट आपण. कोणता बोलला ते कोण सांगणार? तुझी पेटी नेली, कारण त्या सकाळी तू सापडलास. मी माझा सेट तोडून पाण्याच्या टाकीत टाकला. तूही लिहून दे, मी त्या दिवशी दुकानात नव्हतोच म्हणून."

"वहीत लिहिलंय मी."

"वही फाडता येते. हात आहेत ना?"

"मी सांगू शकतो," काका म्हणाले.

"काय?"

"कोणता पोपट ते. तू सहावर श्वास घेतोस. धाकटा सात-आठ जोडून म्हणतो. मी रेकॉर्डिंग ऐकलं तर दहा यायच्या आत सांगेन."

थोरल्याने कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. "आणि माझा निघाला, तर सांगशील?"

काकांनी वही जवळ ओढली. थोरला जाताना दारात माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, ह्याला समजवा. गेलेला माणूस परत येत नाही, आणि पाच घरं आहेत आमची." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो वाईट माणूस नाही. भ्यालेला होता.

एका सकाळी काका न सांगता निघून गेले आणि दुपारी परत आले, चेहरा उतरलेला. ते त्या शिपायाच्या घरी गेले होते. पत्ता त्यांनी शाळेतून मिळवला. बुटक्या घरांची गल्ली, दारात सायकल, सायकलच्या कॅरिअरला अजून डबा अडकवायची पट्टी. एक मुलगी दारात तांदूळ निवडत बसलेली, सोळा-सतराची. काका तीनदा त्या दारावरून गेले. तिसऱ्यांदा तिनेच विचारलं, "कोण पाहिजे काका?"

"मी म्हटलं, चुकलो रस्ता," काका मला सांगत होते. "तिने मला मुख्य रस्त्यापर्यंत आणून सोडलं. स्वतःचं काम टाकून. म्हणाली, इथे सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात, लोक चुकतात." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. "काय सांगणार होतो मी तिला? की तुझ्या वडिलांच्या वेळी बहुतेक मी आकडे मोजत होतो? बहुतेक? असं कोणी जाऊन सांगतं का, ताई? नक्की असतं तर दारात बसून राहिलो असतो. काय शिव्या द्यायच्या त्या द्या म्हटलं असतं. माझा आवाज नसताच, तर तेही कळलं असतं. आता मी कोण आहे हेच मला माहीत नाही."

मी म्हटलं, डॉक्टरांनी लिहिलंय ना, की तो नाही तरी गेला असता. ते म्हणाले, "डॉक्टरांनी 'असता' लिहिलंय." धीराचे जेवढे शब्द आपल्याकडे असतात, ते ताप उतरेल, नोकरी लागेल, एवढ्यापुरतेच असतात.

काका खंगत चालले. जेवायला बसले की घास हातातच राहायचा. वरच्या मजल्यावरून कोणी पोर पायऱ्या मोजत उतरलं, "एक, दोन, तीन," की ते उठून आत जायचे. काकूंनी गच्चीवर जाणं सोडलं. त्यांचे कपडे आता खोलीतच दोरीवर ओले लटकायचे आणि घरभर दमट वास असायचा. मी माझ्याबरोबर त्यांचेही वर नेऊन वाळत घालू लागले, तर काकू म्हणाल्या, "नको गं. राहू दे."

नोटिशीच्या उत्तराला दोन दिवस उरले तेव्हा काकांनी मला बोलावलं. टेबल पुसून कोरे कागद ठेवले होते. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुलांच्या प्रवेशाचे अर्ज, घरमालकाला पत्रं, असलं सगळं इमारतीत मीच लिहिते, त्यामुळे सरकारी भाषा मला येते. मी लिहायला घेतलं: "माझी अडतीस वर्षांची सेवा, वय आणि घरची परिस्थिती लक्षात घेऊन, सदर चूक अनवधानाने झालेली असल्याने—"

"ते खोडा," काका म्हणाले.

"अहो काका, हेच लिहितात. यानेच दुकानाचा परवाना वाचतो."

"परवाना ठेवू देत त्यांना. सेट ठेवू देत. मी उस्तादांच्या मुदत संपलेल्या जागेवर बोललो, हे खरं आहे, ते पहिल्या ओळीत लिहा. ऐकल्याशिवाय बोललो, तेही लिहा. वहीचं पान जोडतोय म्हणून लिहा. दंड मान्य आहे म्हणा."

काकू म्हणाल्या, "आणि मग ऐकून काय मिळणार आहे तुम्हाला? तुमचा आवाज असला, तर मरेपर्यंत तोच ऐकत बसाल. थोरल्याचा निघाला, तर त्याच्या बायकोला तोंड कसं दाखवाल? कोणाचाही असो, तो माणूस काही उठून बसणार नाही."

"नाही बसणार," काका म्हणाले. "पण त्या मुलीने मला रस्ता दाखवला. तिला मी काय सांगायचं ते मला ठरवायचंय. बहुतेक म्हणून मी तिच्या दारात पुन्हा जाऊ शकत नाही."

काकूंनी तोंड फिरवलं. मग तशाच, न वळता, मला म्हणाल्या, "लिही बाई. ते म्हणतात तसंच लिही."

मी नवा कागद घेतला. सगळं कबूल करणाऱ्या तीन ओळी लिहून झाल्या. काकांनी त्या वाचल्या आणि मान हलवली.

"आता शेवटी विनंती लिहायची असते," मी म्हटलं. "काय लिहू?"

"लिहा," काका म्हणाले, "त्या दुपारचं रेकॉर्डिंग मला एकदा ऐकू द्यावं."